हवेच्या बंदुकीचे खिळे : यंत्र घेण्याआधी खिळ्यांचा हिशेब

(मोहाडी, जि. भंडारा येथील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मोहाडी तालुका हा धानाचा तालुका आहे. वैनगंगेच्या काठची भाजीपाल्याची शेते, आंधळगावचे कोशाचे विणकाम आणि वरठीचा पोलाद कारखाना हीही आपल्या तालुक्याची ओळख आहे. परंतु घरात पैसा येतो तो मुख्यतः धानाचा. हे धान शेतातून निघाले की त्याला लाकडाची गरज पडते. पोती जमिनीवर थेट ठेवली तर खालच्या थराला ओल लागते. म्हणून पोत्यांखाली लाकडी चौकट, म्हणजे ज्याला गोदामात पॅलेट म्हणतात ती, ठेवावी लागते. शिवाय गोठ्याची गव्हाण, शेळ्यांचे माचाण, कोंबड्यांची खुराडी, रोपवाटिकेचे ट्रे ठेवण्याचे मांडव ही सगळी लाकडाचीच कामे आहेत.

ही कामे आपल्याच गावात करावीत, त्यातून जोडधंदा उभा राहावा, असा विचार अनेक तरुण आणि बचत गट करतात. विचार चांगला आहे. मग कोणीतरी हवेच्या बंदुकीचे, म्हणजे कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या नेल गनचे, काम पाहून येतो. खटखट आवाज होतो आणि मिनिटाला दहा-बारा खिळे बसतात. पाहणाऱ्याला वाटते, हेच यंत्र घेतले की धंदा झाला. तो बंदुकीची किंमत विचारतो, कॉम्प्रेसरची किंमत विचारतो आणि कर्जाची चौकशी सुरू करतो. एक प्रश्न मात्र राहून जातो. या बंदुकीत जो खिळा लागतो, तो एक खिळा कितीला पडतो?

आज मला आपणाशी याच प्रश्नावर बोलावयाचे आहे. बंदूक आपण एकदा घेतो, खिळे रोज घ्यावे लागतात. अनुदान मिळाले तर ते यंत्रावर मिळते, खिळ्यांवर मिळत नाही. म्हणून धंदा चालेल की बुडेल हे बंदुकीच्या किमतीपेक्षा खिळ्याच्या भावावर जास्त ठरते. याचा हिशेब कसा करावयाचा ते आपण पाहू.

यंत्राचे काम

कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत भरतो. ही हवा नळीतून बंदुकीत येते. घोडा दाबला की आतला दट्ट्या जोराने खाली येतो आणि त्याला जोडलेली पाती एका फटक्यात खिळा लाकडात बसवते. यासाठी साधारणपणे ७० ते १०० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ ते ७ किलो एवढा दाब लागतो.

हातोडीने ठोकावयाचा खिळा सुटा चालतो. बंदुकीला सुटा खिळा चालत नाही. तो ओळीने जोडलेला लागतो. कधी तो तारेने जोडून गुंडाळीच्या स्वरूपात येतो, त्याला कॉइल खिळा म्हणतात. कधी तो कागदाने किंवा प्लास्टिकने जोडलेल्या पट्टीत येतो. सुटा तारखिळा आणि कॉइलचा खिळा यांचे लोखंड सारखेच असते. पण एकसारख्या मापाचे खिळे ठरावीक अंतरावर आणि ठरावीक कोनात जोडणे हे वेगळे काम आहे आणि त्याचे पैसे आपण देतो. म्हणून बंदुकीचा खिळा सुट्या खिळ्यापेक्षा महाग पडतो.

कोणत्या कामाला कोणता खिळा

दुकानात अनेक प्रकार दाखवतात. त्यांतला फरक माहीत असावा.

१) बारीक पिना : एफ-३० नावाच्या लहान बंदुकीत चालणाऱ्या १८ गेजच्या पिनांना डोके जवळजवळ नसतेच. दाराची पट्टी, फोटोची चौकट, फर्निचरची शोभेची कामे यांसाठी त्या आहेत. नग स्वस्त पडतो म्हणून पोत्यांच्या चौकटीला त्या वापरल्या तर पहिल्या भारालाच फळी सुटते.

२) स्टेपल : इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या या पिना शेडनेटची पट्टी, जाळी, रेक्झिन बसवण्यासाठी उपयोगी आहेत. फळी धरून ठेवण्यासाठी नाहीत.

३) काँक्रीटचे खिळे : एसटी-६४ या बंदुकीत चालणारे हे कडक पोलादाचे खिळे भिंतीत पट्टी बसवण्यासाठी असतात. लाकूडकामात ते वापरणे म्हणजे जास्त पैसे देणे.

४) पट्टीचे खिळे : एका पट्टीत साधारण २० ते ४० खिळे येतात. बंदूक हलकी असते आणि अडचणीच्या जागी काम करता येते, पण दर नगामागे खर्च जास्त येतो आणि पट्टी वारंवार भरावी लागते.

५) कॉइल खिळे : एका गुंडाळीत २०० ते ३५० खिळे असतात. पॅलेट, खोकी, कुंपणाच्या फळ्या अशा एकसारख्या आणि भरपूर कामासाठी हाच प्रकार वापरतात. दर नगाचा भाव पट्टीपेक्षा कमी पडतो.

आपल्या पॅलेटच्या कामाला कॉइल खिळाच योग्य आहे. लांबीचा साधा नियम असा की, जी फळी बसवायची तिच्या जाडीच्या अडीच ते तीन पट लांबीचा खिळा घ्यावा. फळी २० मि.मी. जाड असेल तर ५० ते ६० मि.मी. लांबीचा खिळा पुरतो. त्याहून लांब खिळा घेणे म्हणजे लोखंड वाया घालवणे.

किलो आणि नग

खरी गफलत येथे होते. सुटे खिळे किलोने विकतात. बंदुकीचे खिळे पेटीने किंवा नगाने विकतात. मग दोघांची तुलना कशी करावयाची?

घर बांधताना आपण सळईचे वजन काढतो, ते सूत्र आपल्याला पाठ आहे. व्यास गुणिले व्यास भागिले १६२. व्यास मि.मी. मध्ये घेतला तर एका मीटरचे वजन किलोत येते. तेच सूत्र खिळ्याला लावावे. फक्त लांबी मि.मी. मध्ये धरावी, म्हणजे वजन ग्रॅममध्ये येते. डोक्याचे वजन थोडे जास्त असते, ते सोडून दिले तरी चालते.

उदाहरण घेऊ. ५० मि.मी. लांबीचा, १२ गेजचा सुटा तारखिळा २.६४ मि.मी. जाड असतो. २.६४ × २.६४ = ६.९७. त्याला १६२ ने भागून ५० ने गुणले की २.१५ ग्रॅम येतात. म्हणजे एका किलोत सुमारे ४६५ खिळे. भाव किलोला ८० रुपये असेल तर एक खिळा सुमारे १७ पैशांना पडला.

आता ५० मि.मी. लांब आणि २.३ मि.मी. जाड कॉइल खिळा घेऊ. त्याचे वजन १.६३ ग्रॅम येते. ३०० खिळ्यांच्या ३० गुंडाळ्या, म्हणजे ९,००० खिळ्यांची पेटी २,७०० रुपयांना मिळाली तर एक खिळा ३० पैशांना पडला. त्या पेटीत लोखंड सुमारे १४.७ किलो आहे. म्हणजे किलोचा भाव जवळजवळ १८४ रुपये झाला.

हे भाव मी केवळ हिशेबासाठी धरले आहेत. लोखंडाचे भाव वरखाली होतात आणि दुकानागणिक फरक असतो. आपण आपल्या दुकानातला त्या दिवसाचा भाव टाकून हाच हिशेब करावा. भाव विचारताना तो करासहित आहे की कराशिवाय, हेही विचारावे आणि पक्के बिल घ्यावे.

एका पॅलेटचा हिशेब

आता आपण ५ फूट लांब आणि ३ फूट रुंद असे एक पॅलेट करू. खाली ५ फुटांचे ३ दांडे. वर ३ फुटांच्या ९ फळ्या आडव्या. दांडे जमिनीवर घासू नयेत म्हणून खालून आणखी ३ फळ्या. प्रत्येक फळी ३ दांड्यांवर बसते आणि प्रत्येक जागी २ खिळे लागतात. वरच्या फळ्यांना ९ × ३ × २ = ५४ आणि खालच्या फळ्यांना ३ × ३ × २ = १८ असे एकूण ७२ खिळे झाले.

हातोडीने काम केले तर शंभरात सात-आठ खिळे वाकतात. म्हणून ७८ धरू. १७ पैशांप्रमाणे १३ रु. २६ पैसे झाले. ठोकायला २५ मिनिटे लागली आणि मजुरी ताशी ६० रुपये असेल तर मजुरीचे २५ रुपये झाले. एकूण खर्च ३८ रु. २६ पैसे.

बंदुकीने काम केले तर शंभरात तीन-चार खिळे वाया जातात. म्हणून ७५ धरू. ३० पैशांप्रमाणे २२ रु. ५० पैसे झाले. वेळ लागला ६ मिनिटे, मजुरी ६ रुपये. २ अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर तासाला सुमारे दीड युनिट वीज घेतो. ६ मिनिटांना ०.१५ युनिट, ९ रुपये दराने १ रु. ३५ पैसे. एकूण खर्च २९ रु. ८५ पैसे.

लाकूड कापणे, रंधणे आणि मांडणे यांचा खर्च दोन्हीकडे सारखाच आहे, म्हणून तो येथे धरलेला नाही.

म्हणजे एका पॅलेटमागे बंदुकीने ८ रु. ४१ पैसे वाचले. येथवर हिशेब ऐकून पुष्कळजण खूश होतात. पण यंत्राचा स्वतःचा खर्च अजून यायचा आहे.

समजा, बंदूक, कॉम्प्रेसर, नळी आणि जोडसामान मिळून ३५,००० रुपये लागले आणि यंत्र ५ वर्षे चालले. वर्षाला घसारा ७,००० रुपये. गुंतलेल्या रकमेचे सरासरी व्याज १२ टक्क्यांनी २,१०० रुपये. तेल, वायसर, ओ-रिंग, पाती आणि किरकोळ दुरुस्ती १,४०० रुपये. एकूण वर्षाचा खर्च १०,५०० रुपये. हा खर्च एकही पॅलेट केले नाही तरी होतोच.

१०,५०० ला ८ रु. ४१ पैशांनी भागले तर सुमारे १,२५० येतात. म्हणजे वर्षाला १,२५० पॅलेट झाली तरच बंदूक हातोडीच्या बरोबरीला येते. नफा त्यानंतर सुरू होतो.

१,२५० पॅलेट म्हणजे किती? एक पॅलेट १५ चौरस फूट जागा झाकते. म्हणजे १८,७५० चौरस फूट गोदामाची जमीन. आणि पॅलेट ही दरवर्षी नवी घेण्याची वस्तू नाही. ती नीट ठेवली तर अनेक हंगाम चालते. मग पुढच्या वर्षी हीच गिऱ्हाइके येतील काय, याचा विचार आपण आधी करावयास हवा.

खिळ्याचा भाव बदलला तर

आता या हिशेबातली एकच गोष्ट बदलून पाहू. बाकी सारे तेच ठेवू.

खिळा ३० ऐवजी २५ पैशांना मिळाला तर दर पॅलेटला बचत १२ रु. १६ पैसे होते आणि ८६५ पॅलेटमध्ये यंत्राचा खर्च निघतो. खिळा ३० पैशांना असेल तर १,२५० पॅलेट लागतात, हे आपण पाहिले. खिळा ४१ पैशांवर गेला की बचत जवळजवळ शून्य होते. आणि ४५ पैसे पडू लागले तर बंदुकीचे पॅलेट हातोडीच्या पॅलेटपेक्षा सुमारे पावणेतीन रुपयांनी महाग पडते. मग कितीही पॅलेट केली तरी खर्च भरून निघणार नाही. उलट जितकी जास्त कराल तितका तोटा जास्त.

पाच पैशांचा आणि दहा पैशांचा फरक आपण दुकानात मनावर घेत नाही. पण हा फरक दर पॅलेटला ७५ वेळा मोजावा लागतो, हे लक्षात ठेवावे.

मजुरीचेही तसेच आहे. धान कापणीच्या दिवसांत माणूस मिळत नाही आणि मजुरी ताशी ८० रुपयांवर गेली तर बंदुकीची बचत दर पॅलेटला १४ रु. ७४ पैसे होते. मग सुमारे ७१० पॅलेट पुरतात. याउलट एप्रिल-मे महिन्यांत घरचीच दोन माणसे रिकामी असतील तर त्यांच्या वेळेचा रोख खर्च काहीच नाही. अशा वेळी हातोडीच बरी. जेथे माणूस महाग आणि काम भरपूर, तेथे बंदूक परवडते. जेथे माणूस घरचा आणि काम थोडे, तेथे ती परवडत नाही.

स्वस्त पेटीतील फसगत

हा हिशेब ऐकल्यावर साहजिकच सर्वांत स्वस्त पेटी घ्यावी असे वाटेल. पण तेथे सावध राहावे.

पेटीवर ९,००० नग लिहिलेले असते आणि लांबीही ५० मि.मी. लिहिलेली असते. जाडी मात्र २.३ ऐवजी २.१ मि.मी. असू शकते. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. पण आपल्या सूत्राने २.१ मि.मी. च्या खिळ्याचे वजन १.३६ ग्रॅमच येते. पेटीत १४.७ ऐवजी सव्वाबारा किलो लोखंड राहते. शिवाय खिळ्याची वाकण्यास विरोध करण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. त्यामुळे लोखंड १७ टक्क्यांनी कमी झाले, तरी ताकद जवळजवळ २४ टक्क्यांनी कमी होते. म्हणून दुकानात एक गुंडाळी तराजूवर ठेवावी आणि तीतील खिळे मोजून भागाकार करावा. जोडतारेचे थोडे वजन त्यात असते, ते लक्षात घ्यावे. सुट्या तारखिळ्यांसाठी भारतीय मानक ७२३ आहे. सुटे खिळे घेताना तेही विचारावे.

दुसरी गोष्ट खिळ्याच्या अंगाची. गुळगुळीत खिळा स्वस्त असतो. अंगावर वळ्या किंवा पीळ असलेला खिळा थोडा महाग असतो, पण तो लाकूड घट्ट धरतो. आपल्याकडे निलगिरी, सुबाभूळ बहुधा ओलेच कापून लगेच वापरतात. ओल्या लाकडात खिळा सहज जातो. नंतर लाकूड वाळून आकसते आणि गुळगुळीत खिळा ढिला होतो. फळी हलू लागते, खिळ्याचे डोके वर येते आणि पोते फाटते. ओल्या लाकडाला वळ्यांचा खिळाच वापरावा. त्याहून चांगले म्हणजे फाटे सावलीत थर लावून वाळवावेत आणि मग काम करावे.

तिसरी गोष्ट गंजाची. आपल्या जिल्ह्यात पाऊस भरपूर पडतो. गोठ्यात जनावरांच्या मुताचा आणि खताच्या गोदामात युरियासारख्या खतांचा संपर्क येतो. अशा जागी साधा खिळा लवकर गंजतो. जस्ताचा मुलामा दिलेला खिळा घ्यावा. नुसता चकचकीत दिसतो म्हणून मुलामा चांगला असे समजू नये. विजेच्या साहाय्याने दिलेला थर पातळ असतो आणि वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला थर जाड असतो. कोरड्या गोदामातील पॅलेटला मात्र जाड मुलाम्याचा खर्च करण्याची गरज नाही. जेथे गरज आहे तेथेच पैसा घालावा.

लाकूड ओळखून काम

ऐन, बाभूळ, बिजा यांचे वाळलेले लाकूड कठीण असते. त्यात बंदुकीचा बारीक खिळा कधी वाकतो, कधी फळीच्या टोकाशी फट पडते. हातोडीने काम करणारा वाढई आधी गिरमिटाने भोक पाडतो किंवा खिळ्याचे टोक ठोकून बोथट करतो. बंदुकीत ही सोय नाही. म्हणून पॅलेटचे काम सावर, आंबा, निलगिरी अशा मऊ किंवा मध्यम लाकडात करावे. फळीच्या टोकापासून किमान ४ ते ५ से.मी. आत खिळा घ्यावा आणि दोन खिळे एकाच रेषेत न घेता थोडे तिरके घ्यावेत. दोनाच्या जागी तीन खिळे मारण्याची सवय बंदूक हाती आली की लवकर लागते. दर जागी एक खिळा वाढला की पॅलेटला ३६ खिळे, म्हणजे जवळजवळ ११ रुपये वाढतात. सारी बचत तेथेच संपते.

वाया जाणारे खिळे

खिळे वाया जाण्याची कारणे बहुधा हवेत असतात. दाब कमी पडला तर खिळा अर्धा वर राहतो. तो हातोडीने बसवावा लागतो किंवा काढावा लागतो. दाब जास्त झाला तर डोके फळीत खोल घुसते आणि फळीची पकड कमी होते. म्हणून दिवसाच्या सुरुवातीला टाकाऊ तुकड्यावर चार-पाच खिळे मारून दाब ठरवावा.

कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठते, विशेषतः पावसाळ्यात. ते रोज खालच्या कॉकने काढावे. नळी गरजेपेक्षा लांब ठेवू नये. बंदुकीत सकाळी दोन-तीन थेंब तेल टाकावे. विजेचा दाब कमी असेल तर मोटार ओढत नाही आणि टाकी भरत नाही. अशा वेळी काम रेटू नये.

खिळ्यांची पेटी जमिनीवर ठेवू नये. गंजलेली गुंडाळी बंदुकीत अडकते आणि पाती खराब करते. भाव वाढेल या भीतीने पावसाळ्यापूर्वी दोन वर्षांचा साठा करू नये. एका पेटीत सुमारे १२० पॅलेट होतात. हातातील कामाला पुरेल एवढाच माल घ्यावा.

गोठ्यातील खिळा

आता खर्चाची जी बाब कोणत्याही बिलात नसते, ती सांगतो.

कॉइलचे खिळे बारीक तारेने जोडलेले असतात. प्रत्येक फटक्याला त्या तारेचे तुकडे तुटून आजूबाजूला पडतात. एका पॅलेटमागे सत्तर-पंचाहत्तर खिळे, म्हणजे तेवढ्याच जागी तुटलेल्या तारेचे तुकडे. हे काम आपण बहुधा अंगणात किंवा गोठ्याशेजारी करतो. शेजारीच तणसाचा ढीग असतो.

गाय, बैल, म्हैस चारा निवडून आणि चावून खात नाहीत. जिभेने घास ओढून गिळतात आणि नंतर रवंथ करतात. चाऱ्यातून गेलेला खिळा किंवा तारेचा तुकडा जड असल्यामुळे जाळीपोटात जाऊन बसतो. पोटाच्या हालचालीने तो भिंतीत रुततो. जाळीपोटाच्या पुढेच पडदा आणि त्यापलीकडे हृदय असते. खिळा तेथवर पोचला तर जनावर बहुधा वाचत नाही. जनावराने अचानक चारा सोडणे, दूध एकदम घटणे, पाठ कमानीसारखी करून आणि कोपरे बाहेर काढून उभे राहणे, उतारावर चालताना कण्हणे, गळ्याखाली व छातीखाली सूज येणे ही लक्षणे दिसली तर घरगुती उपाय न करता तत्काळ पशुवैद्यकाला दाखवावे आणि गोठ्याजवळ खिळ्याचे काम झाले होते हे सांगावे.

एका दुभत्या गाईची किंमत आणि ३० पैशांचा खिळा यांची तुलना आपणच करावी. बंदुकीचे काम गोठ्यापासून आणि चाऱ्यापासून दूर करावे. खाली ताडपत्री अंथरावी. काम झाल्यावर काठीला लोहचुंबक बांधून जागा फिरून पाहावी. जुन्या लाउडस्पीकरमधील चुंबकही चालतो. खुद्द गोठ्यात फळ्या बसवावयाच्या असतील तर जनावरे बाहेर बांधावीत आणि शक्यतो हातोडीने, खिळे मोजून काम करावे.

माणसाच्या सुरक्षिततेचेही तसेच. डोळ्यांवर चष्मा घालावा. घोडा दोरीने बांधून ठेवू नये. अडकलेला खिळा काढताना हवेची नळी आधी सोडावी. मुलांना जवळ येऊ देऊ नये. डोळ्याला इजा झाली तर त्याचा हिशेब कोणत्याही वहीत मांडता येणार नाही.

कर्ज आणि गट

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत परंपरागत सुतारांचा समावेश आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज अशी तरतूद ठेवलेली आहे. पात्र कारागिरांनी अर्ज करण्यापूर्वी योजनेची चालू स्थिती पाहून तिचा लाभ अवश्य घ्यावा. पण पहिल्या टप्प्याचे कर्ज १८ महिन्यांत फेडावयाचे असते. पॅलेटची मागणी मात्र धानाच्या हंगामाभोवती येते. हप्ता दर महिन्याला येतो. म्हणून कर्जाची सगळी रक्कम यंत्रात घालू नये. निदान तीन पेट्या खिळे, लाकूड आणि दोन हप्ते यांची रक्कम हाती ठेवावी.

आपल्या हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. १,२५० पॅलेटना दर पॅलेट ६ मिनिटे धरली तर बंदूक वर्षात फक्त १२५ तास चालते, म्हणजे आठ तासांचे सुमारे १६ दिवस. बाकी वर्षभर ती पेटीत पडून असते. मग गावोगाव चार जणांनी चार बंदुका कशाला घ्याव्यात? चार गावांच्या गटाने, शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा अवजारे बँकेने एक संच घ्यावा आणि भाड्याने फिरवावा. घसारा आणि व्याज चौघांत वाटले जाईल. खिळेही एकत्र घेतले तर पेटीमागे भाव कमी करून मागता येतो. पाच पैसे कमी झाले तर काय होते, ते आपण पाहिलेच आहे.

निर्यातीच्या मालाखालच्या पॅलेटचा धंदा करण्याचे कोणी सुचवले तर एक माहिती असावी. २००२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार अशा लाकडावर प्रक्रिया करावी लागते. उष्णतेची पद्धत घेतली तर लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे द्यावे लागते आणि मान्यताप्राप्त केंद्राचा शिक्का लागतो. गावातील दुकानातून ते होत नाही. आपले गिऱ्हाईक म्हणजे तालुक्यातील गोदामे, भात गिरण्या, सेवा सोसायट्या आणि शेतकरीच.

दुकानात विचारावयाचे प्रश्न

बंदूक घेण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून आणावीत.

१) या बंदुकीत कोणत्या लांबीचा, कोणत्या जाडीचा आणि किती अंश कोनाचा खिळा चालतो?

२) तोच खिळा दुसऱ्या कंपनीचा चालतो काय? भंडारा, तुमसर किंवा नागपूर येथे निदान दोन दुकानांत तो मिळतो काय? जो खिळा एकाच दुकानात मिळतो, त्याचा भाव तो दुकानदार ठरवतो.

३) पेटीत नग किती, वजन किती आणि करासहित एक खिळा किती पैशांना पडतो?

४) वायसर, ओ-रिंग आणि पाती कोठे मिळतात? दुरुस्ती कोण करतो?

५) पुढील दोन वर्षांत आपल्याकडून किती पॅलेट कोण घेणार? त्यांची नावे लिहिता येतात काय?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर कोरे राहिले तर बंदूक घेऊ नये. भाड्याने आणून एक हंगाम काम करून पाहावे. त्या हंगामात आणलेले खिळे, वापरलेले खिळे, वाया गेलेले खिळे आणि झालेली पॅलेट यांची रोजची नोंद ठेवावी. हंगाम संपला की आपला स्वतःचा आकडा आपल्या हाती येईल. माझे आकडे तेव्हा बाजूला ठेवा आणि आपल्या आकड्यांवर विश्वास ठेवा.

बियाणे घेताना आपण उगवण तपासतो, खत घेताना पोत्यावरचे प्रमाण वाचतो. खिळ्याची पेटी घेतानाही तशीच चौकशी करावी. या विषयी किंवा अन्य जोडधंद्याविषयी अधिक माहिती हवी असल्यास साकोली येथील कृषी विज्ञान केंद्राशी किंवा तालुका कृषी अधिकारी कार्यालयाशी अवश्य संपर्क साधावा.